सहा माणसांचा रेडिएटर

रुद्रप्पा हत्तुरेंना कुणी काही सांगितलं, की ते त्यांना शब्दन् शब्द खरं वाटायचं. सोलापूरच्या भुसार बाजारात उभी हयात काढलेला माणूस! पोत्यात नुसता हात घातला तरी खालची ज्वारी वरच्यासारखी नाही हे ओळखायचा. पण माणसाच्या बोलण्यात हात घालून बघायचं काही त्याला सुचलं नाही. आता याला काय म्हणावं?

त्यामुळे दिवाळीच्या सुमारास इंडीहून, म्हणजे लेकीच्या सासरहून, एका व्यापाऱ्याबरोबर निरोप आला, तेव्हा त्यांनी तो जसाच्या तसा घेतला. निरोप असा होता, की मामांची गाडी लई गरम होते, पोरांचे हाल होतात, यंदा संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला आम्ही काही येत नाही. दुसरा कुणी असता तर चार दिवस रुसून बसला असता. रुद्रप्पा गाडी घेऊन तडक विजापूर रोडला कुंडलिकच्या शेडमध्ये गेले.

निरोपात खोटं तसं काही नव्हतं. गाडी म्हणजे कुठल्याशा साहेबानं जाताना विकलेली लांबलचक विलायती मोटार. पेट्रोल महागलं तेव्हा रुद्रप्पांनी तिच्यात ट्रकचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. इंजिन झालं ट्रकचं, पण ते गार ठेवणारा रेडिएटर राहिला मूळचाच, लहानखुरा. मे महिन्यात लेक, जावई आणि तीन नातवंडांना घेऊन येताना झळकीच्या पुढं गाडी अशी उकळली, की झाकण उडून वाफेचा फवारा निघाला. सावलीला झाड नाही. पोरं रडायला लागली. "परत जाऊ या," असं गंगम्माच, म्हणजे त्यांची लेकच, पहिल्यांदा म्हणाली. जावयानं ट्रकला हात केला आणि सगळी मंडळी आल्या वाटेनं इंडीला गेली. रुद्रप्पा पाण्याचा रिकामा डबा हातात धरून रस्त्यात उभे राहिले.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांची बायको रत्नम्मा गेली होती. तेव्हापासून लेक माहेरी आलेलीच नव्हती. पहिल्या संक्रांतीला वर्षाच्या आतलं दुःख होतं म्हणून आली नाही, मेमध्ये गाडीमुळं आली नाही. आता गाडी दुरुस्त झाली की येईल, असा रुद्रप्पांचा सरळ हिशेब. त्या रिकाम्या घरात नातवंडांचा दंगा एकदा ऐकू यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

कुंडलिक रेडिएटर झाळायच्या, डाख लावून सांधायच्या कामात मुरलेला आणि तोंडाचा फटकळ.

"बसणार किती माणसं?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

"सहा. जावई, गंगम्मा, तीन पोरं आन मी."

"न्हाय, तुमी एकटेच फिरणार आसाल तर हाच साफ करून देतो. चालतंय की."

"सहा म्हणालो न्हवं?"

मग निवड सुरू झाली. भिंतीशी ट्रॅक्टरचा एक जाडजूड रेडिएटर होता. रुद्रप्पांना तोच आवडला. जाड म्हणजे दमदार, असा त्यांचा पोत्यांचा हिशेब. कुंडलिक हसला. "मालक, पुढच्या नळ्यांस्नी वारं मिळतंय, मागच्या तशाच शिजत्यात. जाड नगं, रुंद बघा." रुंद होता तो ट्रकचा. पण तो आत मावेना. गाडीचं नाक कापायचं, चकचकीत जाळी काढून टाकायची आणि लोखंडी पट्ट्यांवर तो बाहेर, अगदी पुढं बसवायचा, एवढाच मार्ग.

रुद्रप्पा जाळीकडं बघत राहिले. दर दसऱ्याला रत्नम्मा तिच्यावर भस्माचे पट्टे ओढायच्या. "काप," ते म्हणाले, आणि कापताना बाहेर जाऊन उभे राहिले.

काम तसं थोडक्यात उरकणारं होतं. ते लांबलं, कारण रुद्रप्पा ते उरकू देईनात. रबरी पाइप बदल, पट्टी इंचभर वर घे, पंख्याला पत्र्याचं कडं कर. सकाळी दुकान उघडून गुमास्त्याच्या हवाली करायचे आणि शेडमध्ये जुन्या टायरवर येऊन बसायचे. भाकरी, शेंगाची चटणी तिथंच. संध्याकाळी कुंडलिक म्हणायचा, "चला की आता घरी." "व्हय व्हय," म्हणत ते निघायचे, आणि तळ्याच्या कडेनं दिवे लागेपर्यंत फिरत राहायचे.

संक्रांत जवळ आली. लेकीला आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो. गंगम्माला भाऊ नाही, म्हणून बापच निघाला. पहाटेची कडाक्याची थंडी. झळकी गेली तरी इंजिनाच्या उष्णतेचा काटा तळाशीच. इंजिन खोकत होतं, मागं पांढरा धूर सोडत होतं, पण रुद्रप्पांना त्याचं काय! काटा वर चढत नाही याच आनंदात त्यांनी इंडी गाठली.

जावई गुरुबसप्पा बाहेर आले. गाडीचं कापलेलं थोबाड बघून चपापले. मग त्यांनी रेडिएटरला हात लावला.

"मामा, हे तर गार हाय की."

"गारच ऱ्हाणार. मेमदीबी गार. चला, आवरा."

गुरुबसप्पांनी बायकोकडं पाहिलं आणि चहाचं बघतो म्हणून ते आत गेले. भला माणूस, पण असल्या वेळी उभा राहणारा नाही. गंगम्मा खाली मान घालून उभी. दोघं बाप-लेक नेहमीप्रमाणं कानडीतच बोलले, मी आपलं आपल्या भाषेत सांगतो.

"अप्पा, गाडीचं न्हवतंच काही. मीच यांना तसा निरोप द्यायला लावला."

"मग?"

"दारात अव्वा नसंल. भाकरतुकडा कोण ओवाळून टाकणार? मेमदी गाडी बंद पडली तवा मला बरं वाटलं अप्पा, खोटं कशाला बोलू. त्या उंबऱ्यात माझं पाऊलच पडंना."

रुद्रप्पा त्या गार रेडिएटरला टेकले. मग म्हणाले, "माझं तरी कुटं पडतंय, गंगू? दिवाळीपासनं त्या शेडमदी बसून हाय. रेडिएटर कवाच झाला असता."

गंगम्मा बापाकडं बघतच राहिली. दीड वर्ष ती आईसाठी रडत होती. त्या घरात एक माणूस मागं उरलंय, तेही रोज तोच उंबरा ओलांडतंय, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिला भडभडून आलं. "हितंच ऱ्हावा की," ती म्हणाली. रुद्रप्पांनी मान हलवली. जत्रेत ग्रामदैवत सिद्धरामाच्या काठ्यांची मिरवणूक निघणार आणि त्यांच्या दाराला कुलूप, हे त्यांना पटणारं नव्हतं. तिनं तीळ लावलेल्या कडक भाकऱ्या बांधून मागच्या सीटवर ठेवल्या. तू चल, असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. तीही येते म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर झळकीत एका ट्रकवाल्यानं धूर बघून त्यांना थांबवलं. "काका, एकट्यासाठी एवढा मोठा रेडिएटर? इंजिन तापतच न्हाई तुमचं. पुढं पोतं बांधा, न्हाईतर बाद हुईल." त्यानंच आपल्याकडचं गोणपाट दिलं. रुद्रप्पांनी ते रेडिएटरवर दोरीनं घट्ट आवळून बांधलं, आणि मग कुठं काटा हलला.

दिवस मावळायला ते गल्लीत पोचले आणि इंजिन बंद करून गाडीतच बसून राहिले. शेजारची शिवबाई दारात रांगोळी काढत होती. ती हात झटकत उठली आणि गाडीत वाकून बघायला लागली.

"मामा, गंगू न्हाय आली?"

"उद्या येणार हाय," रुद्रप्पांनी थाप ठोकून दिली.

"मग घर झाडून काढा की. बसलाय काय असं?"

ती तिथून हलेना. बघतच उभी राहिली. तेव्हा रुद्रप्पांना उतरावं लागलं, आणि त्यांनी कुलूप काढलं.