दोघींचे उपास

शुगर काठावर आहे, डॉक्टर म्हणाले. वेळच्या वेळी थोडं थोडं खा, तळलेलं बंद करा, टेन्शन घेऊ नका. मी सगळ्याला मान डोलावली आणि घरी येऊन उपास धरले. परळच्या आमच्या चाळीत डाएट म्हटलं की बायका हसतात. उपास म्हटलं की पाया पडायच्याच काय त्या बाकी राहतात. मंगळवार, शनिवार आणि संकष्टी असे मी जाहीर करून टाकले. कौतुक कुणाला नको असतं?

पण टेन्शन काही उपास पाळत नाही. दादरच्या ऑफिसात साहेब निघायच्या वेळी नवं काम टेबलावर आणून ठेवतो. त्याच्यावर ओरडता येत नाही, मग माझी भूक खवळते. बाहेर पडल्यावर पहिला वडा चालता चालता जायचा, दुसरा निवांत उभं राहून. नंतर चूळ भरायची, बडीशेप चघळायची आणि उपाशी चेहरा करून घर गाठायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला झोप छान लागायची.

घरात सासूबाई. मूळच्या मालवणकडच्या, शुगरची गोळी कित्येक वर्षांची. त्यांचे उपास डॉक्टरांनी केव्हाच बंद केले होते, पण माझे सुरू झाल्यावर त्यांनीही परत धरले. सून उपाशी असताना आपण जेवायचं हे त्यांना पटेना. नवऱ्याने समजावलं तर म्हणाल्या, फराळाचं खाते ना. सकाळी करून ठेवलेले वरीचे तांदूळ संध्याकाळी तसेच दिसायचे. मी ते निमूटपणे फ्रीजमध्ये सरकवायचे. विचारलं असतं तर बोलणं माझ्या उपासावर आलं असतं.

गेल्या संकष्टीला वडे खाऊन घरी आले, तर त्या ओट्यापाशी खाली बसलेल्या. वर मोदकांची उकड अर्धवट मळलेली. त्यांना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि मला ओळखायलाही वेळ लागला. मी साखरेचं पाणी तोंडाला लावलं. चंद्रोदय व्हायचा होता म्हणून त्या ओठ घट्ट मिटून घेत होत्या. मी ओरडले, तेव्हा प्यायल्या. शेजारच्या वहिनींनी डॉक्टरांना बोलावून आणलं. सकाळची गोळी घेतली होती आणि पोटात नुसता चहा होता. आता धोका नाही, पण आणखी उशीर झाला असता तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. मी मात्र वाटेत दुसऱ्या वड्यासाठी थांबले होते.

त्यांना लगेच जेवायला घाला, असं सांगून डॉक्टर गेले. मी वरणभात कालवून भरवला. चार घास पोटात गेल्यावर त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. आता चंद्राची वाट कशाला बघायची, तूही जेव, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझ्यापायी तुझो उपास मोडलो गो," त्या म्हणाल्या.

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. गप्प बसले असते तर निभावलं असतं, वर आणखी कौतुक झालं असतं.

"आई, माझा उपास दादरलाच मोडला," मी म्हटलं. "आजचाच नाही, सगळेच. वडे खाऊन येते मी."

मग त्यांनी ताट परत आपल्याकडे ओढून घेतलं.

"मगे आता परत जेव नको," त्या म्हणाल्या. "साखर वाढतली तुझी."