लग्नावरचा अनुस्वार

माझं लग्न एका गळक्या पेनमुळं जमलं. (सुमनचं मत वेगळं आहे. ते शेवटी येईल. आमच्या घरात तिचं मत नेहमी शेवटीच येतं आणि तेच राहतं.)

पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. मी कोल्हापुरात जकात नाक्यावर कारकून होतो. दिवसभर पावत्या फाडायच्या. एक प्रत गाडीवाल्याला, एक ऑफिसला, एक बुकात. मध्ये दोन कार्बन आणि हातात कॉपिंग पेन्सिल. तिसऱ्या प्रतीवर उमटलं पाहिजे म्हणून मी असा जोर लावायचो की खालच्या टेबलावर चौथी प्रत निघायची! उमटायचं सगळीकडं, वाचता मात्र कुठंच यायचं नाही. एकदा साहेबांनी माझीच पावती मला वाचायला दिली, तर गाडीत गूळ होता की गहू ते मला सांगता आलं नाही.

अशा माणसाला माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, कुरुंदवाडचं स्थळ काढलं. अक्का आमच्याच मंगळवार पेठेत, दोन गल्ल्या सोडून दिलेली. सासर इतकं जवळ की तिला माहेर सोडल्यासारखं कधी वाटलंच नाही, आणि आम्हालाही नाही. मुलगी सुमन, वडील निवृत्त मराठी शिक्षक. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं.

मुलगी बघायला गेलो तर पोहे येण्याआधी गुरुजींचं दुःख आलं. सरकारनं त्या सुमाराला शुद्धलेखनाचे नवे नियम काढून, उच्चारात नसलेले अनुस्वार रद्द केले होते. आधी लोक 'नांव', 'कांहीं', 'पोंचलें' असं शब्दाच्या डोक्यावर टिंब देऊन लिहायचे. त्याचं आता 'नाव', 'काही', 'पोचले' झालं. शाळेतल्या पोरांना आनंद झाला. गुरुजींनी मात्र घरातलं माणूस गेल्यागत मनाला लावून घेतलं. ते अर्धा तास त्यावर बोलले. मी मान हलवत होतो, पण माझं लक्ष दारात होतं. दाराआड सुमन उभी होती आणि वडिलांचं पुढचं वाक्य त्यांच्या आधी ओठातल्या ओठात म्हणत होती. मी बघतोय हे तिच्या ध्यानात आलं, तशी तिनं पदर तोंडाला लावला. त्या क्षणाला मी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच. गुरुजी काय म्हणाले ते मला काडीचंही आठवत नव्हतं.

निघताना मात्र त्यांनी जे सांगितलं ते नीट ऐकू आलं. पगार, घर, पत्रिका सगळं ठीक होतं. आता मुलानं आठ दिवसांत स्वतःच्या हातानं एक पत्र लिहावं. अक्षरावरून माणूस कळतो. याच परीक्षेत त्यांनी आधी दोन मुलं नापास केली होती आणि त्यातला एक डॉक्टर होता.

एस.टी.त अक्का कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "तुझं अक्षर म्हंजे मुंगळ्याच्या पायाला शाई लावून सोडल्यागत. पोरगी गेली म्हणून समज." दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं असंही तिनं सुचवलं. पण पुढं-मागं गुरुजींनी समोर बसवून लिहायला लावलं तर काय करायचं? शिवाय सुमनला पहिलंच पत्र दुसऱ्याच्या हातचं जावं हे मला पटेना. मग मी असा शोध लावला की दोष माझ्या हातात नसून पेन्सिलीत आहे. चांगलं पेन घेतलं की अक्षर आपोआप सुधारेल. (माझे आयुष्यातले बहुतेक शोध याच दर्जाचे आहेत.)

महाद्वार रोडच्या एका बोळात एक म्हातारे पेनवाले बसायचे. एका डोळ्याला भिंग, पुढ्यात निबांचा डबा. परदेशी पेनांची किंमत ऐकून मी ती जपून जागेवर ठेवली. मग त्यांनी एक काळं, जाडजूड, साडेतीन रुपयांचं पेन काढलं. निब लवचिक होती. त्यांनी कागदावर 'श्री' काढला. खाली येताना हात जरा दाबला तशी निबेचे दोन पाय फाकले आणि रेघ जाड झाली, वळताना हात सोडला तशी केसासारखी बारीक झाली. असला देखणा श्री मी लग्नपत्रिकेवरच बघितला होता. तो मला शुभशकुनच वाटला.

त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. कार्बन किती घालता? म्हटलं, दोन. त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"पावणं, हे तुमच्या कामाचं न्हाय. ही निब लाडात वाढलीया. तुम्ही तिला पावतीवर बडवणार."

मी म्हटलं, पावतीसाठी नको, लग्नासाठी हवंय. तेव्हा त्यांना माझी दया आली. पेन देताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, हात हलका ठेवायचा, नाहीतर निब मिटताना शिंतोडे उडवते. दुसरी, पेन पोटभर भरलेलं ठेवायचं, कारण अर्धं रिकामं झालं की हाताच्या उबेनं शाई बाहेर ढकलतं. घरी येईपर्यंत मला फक्त किंमत लक्षात राहिली.

लिहायला बसलो. पहिल्याच 'श्री'ला निबेचे पाय इतके फाकले की एका रेघेच्या दोन झाल्या आणि मधे कोरडं. जोर कमी पडला असं समजून मी आणखी दाबलं. शाईचं तळं झालं. दोन दिवसांत पॅड संपत आलं, आईनं धुतलेला माझा एकुलता एक पांढरा सदरा निळा झाला, आणि शेवटी एक कागद उरला. तोवर आठातले सहा दिवस गेले होते. अक्का येऊन समोर बसली आणि तिनं माझं मनगट धरलं. मी दाबलं की ती चिमटा काढायची. अशा रीतीनं आम्ही दोघांनी मिळून ते पत्र लिहिलं, आणि खरं सांगतो, अक्षर वाचता येत होतं!

भानगड एकच झाली. चिमटा बसला की मी दचकून हात उचलायचो, निब फटकन मिटायची आणि एक बारीकसा ठिपका वरच्या बाजूला उडायचा. पत्र संपलं तेव्हा शब्दांच्या डोक्यावर देवी आल्यागत ठिपके उठले होते. 'गुरुजी'चे 'गुरुंजी' झाले होते, 'जकात'ची 'जंकात' आणि 'लग्ना'चं चक्क 'लंग्न'. मला रडू यायचं बाकी होतं. कागद नव्हता, दिवस नव्हते. अक्कानं पाकीट चिकटवलं आणि म्हणाली, जाऊ दे, डाग दिसलं म्हंजे पोरानं कष्ट केल्यात असं तरी वाटंल.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. जेवण जात नव्हतं. नाक्यावर एका वरातीच्या बैलगाडीला मी मालाची पावती फाडली. सुमन दारात ओठ हलवत उभी आहे असं सारखं डोळ्यांपुढं यायचं, आणि आता ती दुसऱ्या कुणासमोर तशी उभी राहणार, असं वाटायचं.

आणि गुरुजींचं कार्ड आलं. पहिलीच ओळ होती, 'आपल्या पत्रांतील कांहीं अनुस्वार पाहून फार आनंद झाला.' पुढं, स्थळ पसंत आहे, याद्या करायला कुरुंदवाडला यावं. खाली आणखी एक ओळ होती, 'उरलेल्या अनुस्वारांबद्दल भेटींत बोलूं.' ती कुणी वाचली नाही, कारण अक्का तोवर पेढे आणायला गेली होती.

परत आल्यावर तिनं विचारलं, "आरं, पण कसलं अनुस्वार?"

मग आमच्या डोक्यात उजेड पडला. जुन्या नियमांत टिंबं इतकी होती की डोळे मिटून शाई शिंपडली तरी निम्मी बरोबर बसावीत. गुरुजींना वाटलं असणार, या नव्या जमान्यात एक तरी पोरगा जुनं मराठी लिहितोय! अक्का हसून हसून भिंतीला टेकली. मला मात्र घाम फुटला. ज्या गुणावर मुलगी मिळत होती तो गुण माझा नव्हताच, पेनचा होता.

याद्यांच्या दिवशी कुरुंदवाडला दोन्हीकडची वडीलधारी मंडळी जमली. देण्याघेण्याची, मानपानाची यादी लिहायची वेळ आली तसे गुरुजी म्हणाले, जावईबापूंनीच लिहावी, त्याच लेखणीनं. मी पेन उघडलं. घरी महिनाभर सराव करून आणि अक्काचे चिमटे खाऊन माझा हात आता इतका हलका झाला होता की यादीवर एक ठिपका पडेना. वळणदार, स्वच्छ, आणि डोक्यावरून पार भुंडी अशी ती यादी उतरत होती. गुरुजी वाकून बघत होते. 'वराचे नाव' लिहिलं, टिंब नाही. त्यांनी नुसतं 'हं' केलं. माझ्या तळहाताला घाम आला. आता 'चि. सौ. कां. सुमन' लिहायचं होतं. 'कां'वर तर नव्या नियमानंही अनुस्वार असतो. हा एक तरी ठसठशीत द्यावा म्हणून मी जोर केला.

पेन सकाळपासून भरलेलं नव्हतं. वर माझ्या घामट हाताची ऊब. त्यानं पोटात होती नव्हती ती सगळी शाई एका दमात ओकली. 'कां' गेला, 'सौ.' गेली आणि बघता बघता सुमनही गेली. नवरीच्या जागी रुपयाएवढं निळं डबकं झालं. अक्का हळूच म्हणाली, "पोरगी बुडाली."

कुणी हसलं नाही. माझा धीर सुटला. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "गुरुजी, ते अनुस्वार नव्हते. शिंतोडे होते. मला जुने नियम येत नाहीत, नवेही येत नाहीत. त्या दिवशी तुम्ही बोलत होता तेव्हा माझं लक्ष दाराकडं होतं."

गुरुजींनी कोटाच्या खिशातून माझं पत्र काढलं आणि माझ्यासमोर पसरलं. लाल पेन्सिलीनं तपासलेलं होतं.

"मी छत्तीस वर्षं वह्या तपासल्या," ते म्हणाले. "'लग्ना'वर अनुस्वार देणारा माणूस जुन्या वळणाचा नसतो, गाढव असतो. हे मला पहिल्या ओळीत कळलं. पण हे बघा. 'नांव', 'कांहीं', 'माझें'. एकूण एक बरोबर. तुमची शाई निळी आहे आणि हे ठिपके काळे आहेत. काळी शाई आमच्या घरातली."

मग सारा उलगडा झाला. टपाल दुपारी यायचं, तेव्हा गुरुजी झोपलेले असायचे. पाकीट आधी सुमननं फोडलं होतं. माझे शिंतोडे बघून तिच्या काय ते ध्यानात आलं आणि राहिलेली सगळी टिंबं तिनं बसून भरली होती. दाराआडच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या.

"माझ्या मुलीनं मला आजवर कधी फसवलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "आता फसवलं ते एका गाढवासाठी. मग मी म्हटलं, गाढवात काहीतरी असेल."

तेवढ्यात सुमन बाहेर आली. भरल्या बैठकीत नवरी मुलगी अशी येत नसे. तिनं डबक्यावर टिपकागद ठेवला, नवा कागद घेतला, वडिलांच्या दौतीत माझं पेन बुडवून आपलं नाव आपणच लिहिलं, 'कां'वर हवा तेवढाच अनुस्वार दिला आणि पेन माझ्या हातात परत दिलं. माझ्याकडं बघितलं नाही, पण ओठ हलत होते. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

ते पेन अजून आहे आणि अजून गळतं. हा मजकूरही त्यानंच लिहिला आणि रिवाजाप्रमाणं सुमनपुढं ठेवला. (आता तिचं मत.) ती म्हणते, लग्न पेनमुळं जमलं नाही, तिच्यामुळं जमलं. मग तिनं काळी शाई घेऊन पानन् पान तपासलं, माझे सगळे शिंतोडे खोडले, टिंबं दुरुस्त केली. गुरुजींच्या तोंडचा 'गाढव' तेवढा तिनं दोनदा वाचला आणि हात न लावता सोडून दिला. म्हणाली, एवढा एक शब्द बरोबर आहे.