डॉट टाकला की सुचतं

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कुठल्या सेक्टरला किती वाजता पाणी सोडायचं, हे आमचा प्रोग्राम एका साध्या सेटिंगच्या फाइलमधून वाचायचा. त्या फाइलमध्ये एखादं नाव चुकीचं टाइप झालं की चूक शोधण्यात माझा अख्खा दिवस जायचा. शेवटी वैतागून मी ती सगळी फाइल थेट प्रोग्रामच्या कोडमध्येच लिहून टाकली. आता कोड लिहिताना नुसता डॉट टाकला की कॉम्प्युटरवरचा एडिटर आपणहून नावं सुचवायचा. मी भलतीच खूश होते.

सोमवारी पाणीपुरवठ्याचे कारकून आले. मूळचे नागपूरचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. उन्हाळा लागला की पाण्याच्या वेळा तेच बदलायचे, ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून.

"मॅडम, माझी फाइल कुठं गेली जी?"

"काका, ती आता कोडमध्ये आहे. डॉट टाकला की सगळं सुचतं."

"मले सुचवायचं कशाले? पाचचं साडेचार करायचं आहे फक्त."

ते आता मलाच करावं लागणार होतं, दर वेळी प्रोग्राम नव्याने तयार करून. मी चिडले, पण नेमकी कुणावर तेच कळेना. नावांच्या चुका तर खरंच थांबल्या होत्या. मग बिघडलं काय?

काकांनी नव्या वेळा कागदावर लिहिल्या आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवल्या. पंधरा दिवसांत तिथं असे चार कागद झाले.

म्हणजे फाइल होतीच. पूर्वी ती प्रोग्राम वाचायचा, आता मी वाचत होते.