गव्हर्नरच्या बायकोची खिडकी

ती दिसायला चांगली असती तर मला बरं वाटलं असतं. देखण्या बाईवर जळायची एक रीत असते, शेजारपाजारही आपली बाजू घेतो. पण ही? उंच, खांद्यात वाकलेली, पायात पुरुषी बूट, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी आणि गळ्यात छोटा भोंगा. माझा नवरा किनाऱ्यावरच्या सहलीची बस चालवतो आणि ही त्या बसवरची गाइड. मी तिला भोंगेवाली म्हणते. तिच्या तोंडावर नाही, पण नवऱ्यासमोर म्हणते, म्हणजे पोचत असेलच.

दोघांचा रस्ता ठरलेला. सकाळी शहरातून प्रवासी घ्यायचे, समुद्राच्या कडेकडेने जायचं, आधी बुडालेल्या बंदराचे खांब, मग टेकडीवरचं पडकं देऊळ, आणि दुपारी गोऱ्या साहेबांनी वसवलेलं जुनं गाव. त्यात चौक, जकातघर, गंजलेल्या तोफा आणि शेवटी गव्हर्नरचा बंगला. अंधार पडायच्या बेताला परत. जागेपणीचा माझा नवरा माझ्यापेक्षा तिच्याच वाट्याला जास्त येतो, हे सांगायला गणित लागत नाही.

बरं, येतो तेव्हा तरी काही बोलावं. घरात पाऊल टाकलं की मिठाची गुळणी धरलीच म्हणून समजा. आज काय झालं, तर काही नाही. कोण कोण होतं, तर प्रवासी. मग मीच बोलत सुटते. दुकानातली गिऱ्हाइकं, नळाची गळती, माझ्या बहिणीची सून. तो ऐकतो, मान हलवतो आणि मधेच लग्नातल्या अंगठीने टेबलावर दोनदा टकटक करतो. ती त्याची लकब आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते.

मी सीटची कव्हरं शिवते. घराच्या मागच्या खोलीत मशीन आहे आणि त्याच्या कंपनीच्या बसगाड्यांचं काम माझ्याकडेच असतं. गेल्या हंगामाच्या आधी गाइडच्या घडीच्या खुर्चीचं कव्हर शिवायला आलं. ही खुर्ची ड्रायव्हरच्या अगदी बाजूला असते, हात लांब केला तर लागेल इतकी. मी चांगलं जाड रेक्झिन घेतलं, दुहेरी दुमडलं आणि शिवण बरोबर बैठकीच्या मधोमध घेतली. चांगली ठसठशीत, बोटाएवढी उंच. शिवणकामातलं कोणीही सांगेल की तिथे शिवण कोणी घेत नाही. मी घेतली. ती बाई दिवसभर त्याच्या शेजारी बसणार, तर निदान सुखाने बसू नये, एवढीच माझी इच्छा होती.

मग या हंगामात देव पावला. शहरातल्या एका कारखान्याने नवऱ्याला कामगारांची बस चालवायला बोलावलं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं, दुपारी घरी. मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. हा मात्र घुटमळायला लागला. उत्तर कळवायची वेळ अगदी तोंडावर आली तेव्हा म्हणाला, "एकदा बसमधून ये माझ्याबरोबर. सगळं बघ. मग तू सांगशील तसं करतो."

कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं कळायला मला भोंगा लागत नाही. मी चांगली साडी नेसले आणि निघाले.

बसमध्ये त्याने मला तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसवलं आणि भोंगेवालीची ओळख करून दिली. ती "या वहिनी" म्हणाली आणि कामाला लागली. मी तिच्या खुर्चीकडे बघत होते. ती बसलीच नाही. दांडीला धरून उभीच राहिली. माझ्या मनाला जरा गारवा मिळाला.

तो फार टिकला नाही. कारण मग त्या दोघांचं काम सुरू झालं आणि मी ते बघितलं. ती बोलत होती, की इथे एक मोठं बंदर होतं, गलबतं यायची, एका वादळात समुद्राने ते गिळलं. एवढ्यात माझ्या नवऱ्याने स्टिअरिंगवर अंगठीने दोनदा टकटक केलं. तिने वाक्य आवरतं घेतलं, "आणि आता उरलेत ते हे," म्हणाली आणि त्याच क्षणी बस वळली. समोर समुद्र, पाण्यातून वर आलेले काळे खांब. सगळी बस अवाक झाली. तिने मागे वळून त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकं जमलेलं होतं ते.

देवळाच्या चढावर पुन्हा तसंच. कड्याच्या वळणावर पुन्हा. टकटक म्हणजे वळण आलं, गुंडाळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक तर ती अंगठी मी त्याच्या बोटात घातलेली. आणि दुसरं म्हणजे, माझ्या घरातल्या टेबलावर ती टकटक कशासाठी चालते, हे मला त्या बसमध्ये बसून कळत होतं.

दुपारी जुन्या गावात जेवायला थांबलो. नवरा गाडीत पाणी भरायला गेला आणि भोंगेवाली थाळी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. गळ्यातला भोंगा काढला तरी तिचा आवाज तसाच मोठा. मी ते बोलूनही दाखवलं. तिला राग आला नाही. म्हणाली, घरी वडील आहेत, ते ठार बहिरे. आधी त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडत होते, नंतर त्यांना ओरडलेलंही ऐकू येईना, पण माझा आवाज तसाच राहिला. आता घरी आम्ही हातवाऱ्यांवर चालतो. लग्न झालं नाही, कारण वडिलांना टाकून कोण जाणार. आधी मी पडक्या देवळापाशी तिकिटं फाडत होते. तिथला गाइड एकदा आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी बोलायला उभी राहिले, ती अजून उभीच आहे. शेवटचं बोलताना ती माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली.

कोणाच्या घरात काय चालतं हे ऐकायची तिला फार हौस होती. माझं मशीन कुठलं, बहिणीची सून आता नीट वागते का, नळ दुरुस्त झाला का. मी उत्तरं देत गेले आणि घास तोंडातच राहिला. हिला नळाचं कसं माहीत? सुनेचं कसं माहीत? म्हणजे माझा मुका नवरा हिच्यापाशी बोलत होता. घरचं सगळं बोलत होता. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असं.

तिथून गव्हर्नरच्या बंगल्यात गेलो. पिवळा रंग, पोपडे निघालेल्या भिंती, लांब व्हरांडे. दारातच लोखंडी पाटी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं की इथे राहणारा शेवटचा गव्हर्नर आजन्म अविवाहित होता. भोंगेवाली त्या पाटीला पाठ करून उभी राहिली आणि गव्हर्नरच्या बायकोची गोष्ट सांगू लागली. एका आजोबांनी पाटीकडे बोट दाखवलं तेव्हा ती म्हणाली, तो हा नव्हे, ही त्याच्या आधीच्याची. आजोबांचं समाधान झालं.

गव्हर्नरची बायको म्हणे स्वभावाने तिखट होती. नवऱ्याकडे येणारे पाहुणे तिला खपत नसत. म्हणून तिने पाहुण्यांच्या खुर्चीची गादी स्वतः शिवली आणि शिवण बरोबर मधोमध घेतली. पाहुणा बसला की चुळबुळ करायचा आणि लवकर उठून जायचा. लोक खो खो हसले. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बाहेर तोफेकडे बघत होता, जणू ती आजच कोणी आणून ठेवली होती.

भोंगेवाली आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. भिंतीत एक अरुंद खिडकी होती आणि तिच्या समोरच्या भिंतीत बुजवलेल्या खिडकीची खूण.

ती सांगू लागली. बाईंना शिवणाची आवड. पण उजेड यायचा उजवीकडून आणि त्यांच्याच हाताची सावली टाक्यावर पडायची. त्या रोज कुरकुरायच्या. शेवटी गव्हर्नरने ती खिडकी बुजवली आणि डावीकडे नवी पाडली. ती पडली फार वर, उजेड सगळा छतावर. मग खाली घेतली, तर बाहेरच्या झाडाआड गेली. तिसऱ्यांदा भिंत फोडली तेव्हा जमली. गावभर हसू झालं.

ही खिडकी माझी होती. माझ्या मागच्या खोलीतली. माझ्या नवऱ्याने सुट्ट्यांच्या दिवशी स्वतः भिंत फोडली होती, तिन्ही वेळा, आणि तिन्ही वेळा मी त्याला ऐकवलं होतं. माझ्या कटकटीला कंटाळून हा हे करतोय, असं मी धरून चालले होते. त्याने कधी वेगळं काही सांगितलं नाही.

भोंगेवालीने आवाज जरा उतरवला. "गव्हर्नर तिला कधी काही बोलला नाही. एकदा आपल्या गाडीवानाला मात्र म्हणाला, 'डावीकडून उजेड आला की काम करताना तिची मान दिसते. मग मला समोरच्या ताटाचं भान राहत नाही.'"

बायका हळहळल्या. माझ्या शेजारची बाई आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाली, ऐक जरा. आणि मी, जिची मान, ती तिथे तिकीट काढून आलेल्या लोकांत उभी होते. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि खरं सांगते, संताप जास्त होता. ते शब्द माझ्या वाट्याचे होते. ते आधी तिच्या कानात पडले, मग भोंग्यातून गेले, रोज बसभर माणसांना वाटले गेले आणि उरलेसुरले मला मिळाले. उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणाचा एवढा हेवा वाटला, आणि तो कोणाचा, तर जन्माला न आलेल्या गव्हर्नरच्या बायकोचा. तिच्या नवऱ्याचं प्रेम सगळ्या गावाला ठाऊक होतं.

परत शहरात आलो, प्रवासी उतरले. नवरा डिझेलच्या चिठ्ठीवर सही घ्यायला गेला. मी सरळ पुढे गेले आणि तिला विचारलं, हे तो तुम्हाला कधी बोलला.

"कव्हर आलं त्या दिवशी," ती म्हणाली. "मी बसले आणि उठले. म्हटलं, तुमच्या बायकोला मी आवडत नाही. ते त्या शिवणीवरून हात फिरवून हसत सुटले, आणि मग पहिल्यांदा एवढे बोलले. तोवर आमच्यात वळणांपलीकडे बोलणं नव्हतं, वहिनी."

म्हणजे माझ्याच शिवणीने त्याचं तोंड उसवलं होतं, आणि तेही तिच्यापाशी. मी खुर्चीचं कव्हर ओढून काढलं आणि घडी करून काखोटीला मारलं. ती म्हणाली, राहू द्या, मला आता उभं राहायची सवय झाली आहे. मी म्हटलं, दुरुस्तीला नेते.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि कारखान्याला उत्तर कळवायचं होतं. मी सकाळीच मशीनपाशी बसून कव्हर उसवायला घेतलं. तो न्याहारीची थाळी घेऊन तिथल्याच टेबलाशी बसला आणि म्हणाला, "मग काय सांगू त्यांना?"

मी विचारलं, "मान दिसते म्हणजे काय?"

त्याला ठसका लागला. पाणी प्याला. मग अंगठीने टेबलावर दोनदा टकटक केलं.

"टकटक करू नकोस," मी म्हटलं. "इथे वळण येत नाही."

त्याने अंगठीचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "गाडी चालवताना समोर बघायचं असतं. समोर बघत बोललं की निघतं तोंडातून. तुझ्याकडे बघून नाही निघत."

लग्नाच्या नवऱ्याकडून हे ऐकायला मला डोंगर, देऊळ, बंदर आणि बंगला एवढं सगळं पालथं घालावं लागलं. मी खुर्ची मशीनकडे वळवली आणि त्याला पाठ करून बसले. म्हटलं, आता रस्त्याकडे बघतोयस असं समज.

कारखान्याच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे काचेचं दार असतं, हे मी मधल्या वेळात चौकशी करून जाणून घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ काचेआड बसून हा पुन्हा मुका होणार आणि दुपारी तसाच घरी येऊन माझ्यासमोर बसणार. ती मेली निदान त्याला बोलतं तरी ठेवते. म्हणून मी सांगितलं की नोकरी घेऊ नकोस. मन मोठं आहे म्हणून नव्हे. तिथे भरलं तरच इथे सांडेल म्हणून.

 मी उसवत राहिले. डावीकडून ऊन येत होतं. चमच्याचा आवाज थांबला तशी मी वळून बघितलं. थाळी तशीच होती, खाणं निवत होतं, आणि तो माझ्याकडे बघत बसला होता. असा तो कितीतरी सकाळी बसलेला असतो. दर वेळी मी म्हणते, बघत काय बसलास, खा की, थंड होतंय.

या वेळी नाही म्हटलं. पण का नाही म्हटलं, तर तिने सांगितलं होतं म्हणून. माझ्या घरातली, माझ्या पाठीमागची गोष्ट मला तिच्याकडून कळावी, याची जळजळ काही केल्या जात नाही. मी पुन्हा मशीनकडे तोंड केलं, पदर मानेवरून जरा बाजूला घेतला आणि तिच्या कव्हरची शिवण कडेला सरकवली. अगदी कडेला नाही. थोडी टोचेल.