लेप बांधून पळालेला बाप

आमच्या घराण्यात आजवर कोणी कशासाठीही धावलेलं नव्हतं. किन्हवलीची बस डोळ्यांदेखत सुटली तरी आम्ही हात वर करत नाही. पुढची येतेच, आणि नाही आली तर आपलं काम तेवढं महत्त्वाचं नव्हतं असं समजायचं, हे आमच्या आज्यापासूनचं धोरण. अशा घरात माझ्या मुलीने, प्राचीने, पोलीस भरतीला उतरायचं ठरवलं.

पोरगी पळायची मात्र छान. पहाटे गावातल्या दोघीतिघींबरोबर शहापूरच्या रस्त्याला जायची, आणि मी ओट्यावर चहा पीत तिचा अभिमान बाळगायचो (बसल्या जागी करता येण्यासारखं तेवढंच होतं). एके दिवशी गावाबाहेरच्या, ओढ्यावरच्या मोरीजवळ समोरून डंपर आला, त्याला वाट द्यायला ती कडेला उतरली आणि तिचा घोटा मुरगळला. शहापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, विश्रांती सांगितली आणि पुढे घोटा बरा झाला म्हणून पळायची परवानगीही दिली. घोटा बरा झाला होता, प्राची झाली नव्हती. रोज घरून झोकात निघायची, आणि मोरी आली की तिचे पाय थांबायचे. मग ती तिथून चालत परत यायची आणि दिवसभर कोणाशी धड बोलायची नाही.

भरतीचं ठाण्याचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, तोंडावर आलं होतं. मागच्या वेळी ती थोडक्यात राहिली होती. या वेळी तिने आईला सांगून टाकलं, "आता ग्राउंड नाय निघालं तर मी परत नाय उतरणार. मुरबाडच्या आत्याने आणलंय ते स्थळ बघा मग." रडून सांगितलं असतं तरी परवडलं असतं. ती भांडी घासता घासता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी बोलली.

अशा वेळी शहाण्या बापाने गप्प बसावं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातला एक दंड फुगवलेला गृहस्थ सांगत होता की दुखणं डोक्यात असतं आणि भीतीही डोक्यातच असते, पाय बिचारे निर्दोष असतात. मला ते इतकं पटलं, की मी चहाला, जेवणाला आणि अधेमधेही प्राचीला तेच ऐकवायला लागलो. तिने चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी भाकरी मोडता मोडता विचारलं, "पप्पा, तुमी कधी पळलाय?"

बायको, म्हणजे सुनंदा, तव्यावरच्या भाकरीकडे उगाच निरखून बघायला लागली. (तिला हसू आलं की ती भाकरीकडे बघते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी हाफ पँट चढवली आणि निघालो. डांबरावर पळालं की गुडघे जातात, मऊ मातीवर पळावं, असंही त्याच गृहस्थाने सांगितलं होतं. म्हणून मी शेताच्या बांधावरून पळायचं ठरवलं. भातशेतीच्या घरात जन्मलेल्या माणसाला बांधात चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं असतात हे कोणी सांगावं लागत नाही, त्यामुळे मला कोणी सांगितलं नाही. आमच्या शेताचा बांध संपून चुलत्याचा लागतो तिथे माझा उजवा पाय एका बिळात गेला. पाय आत, मी बाहेर, आणि मधल्यामध्ये गुडघा.

मग खरी पंचाईत झाली. दुखणं डोक्यात असतं असं मी घरभर सांगून ठेवलेलं, आणि ते गुडघ्यात होतं. प्राचीला कळलं असतं तर तिची उरलीसुरली हिंमतही गेली असती. म्हणून मी दोन दिवस घरात भिंतीला धरून वावरलो आणि "व्यायामाने अंग मोकळं होतंय" असं सांगत राहिलो. पण आमच्या संडासात उकिडवंच बसावं लागतं, आणि तिथे कुठल्याही तत्त्वज्ञानाचा निभाव लागत नाही. आतून आलेली किंकाळी सुनंदाने ओळखली, आणि दुपारच्या आत तिचे मामा मुरबाडकडून हजर झाले.

धर्मामामा हाडवैद्य. आसपासच्या वाड्यापाड्यांत त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात, आणि मामेसासरे असल्यामुळे मलाही तसंच म्हणावं लागतं. त्यांनी आंबेहळद उगाळली, गावठी कोंबडीची अंडी फोडली, कसलीशी साल कुटली, आणि डब्यातून बोकडाची चरबी काढून ते सगळं माझ्या गुडघ्यावर मांडीपासून नडगीपर्यंत थापलं. वरून बांबूच्या कामट्या लावून सुतळीने करकचून बांधलं. लेप वाळल्यावर माझा पाय वाकणं कायमचं बंद झालं.

"जावईबापू, याला पाणी लागता कामा नाय," मामा म्हणाले. "आन् ज्या हातानं बांधला त्याच हातानं सुटला पायजे. दुसऱ्यानं सोडला तर दुखणं उलटतं. मी आठवड्यानं येतो."

एवढं बोलून ते कोणाच्या तरी लग्नाला डोंगरपट्टीत निघून गेले. तिथे मोबाइलला रेंज नाही. मी सुनंदाला म्हटलं, सुतळी थोडी सैल तरी कर. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळातला नारळच चोरायला सांगत होतो.

आणि त्याच आठवड्यात गावदेवीची जत्रा आली. जत्रेत तरुण मंडळाची धावण्याची शर्यत असते, देवळापासून मोरीवरून शाळेपर्यंत. प्राचीच्या मैत्रिणींनी तिचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. सकाळी ती म्हणाली, नाव काढायला जाते. मला कळत होतं की आज नाव काढलं, तर ठाण्याच्या ग्राउंडवरही ती जाणार नाही. म्हणून मी बोलून बसलो.

"तू पळ गो. मी पण पळतो."

ती माझ्या कामट्यांकडे बघत राहिली. "ह्या पायाने?"

"दुखणं डोक्यात असतं," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण त्यात जीव नव्हता.

वेळ कमी म्हणून मंडळाने मुली, पुरुष आणि हौशी असे सगळे एकदमच सोडले. शिट्टी वाजली आणि क्षणात माझ्यापुढे फक्त धूळ उरली. मी डाव्या पायाने पुढे जात होतो आणि उजवा कंपासातल्या कर्कटकासारखा बाजूने गोल फिरवून आणत होतो. लाउडस्पीकरवरचा पोरगा माझं नाव घेऊन प्रोत्साहन देत होता, त्यामुळे जे बघत नव्हते तेही बघायला लागले. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मला वाटलं, देवा, धरणी दुभंगून आत घेईल तर बरं, निदान पळणं तरी थांबेल.

धरणी दुभंगली नाही. ऊन मात्र चढलं, आणि मामांचा लेप हळूहळू पाघळायला लागला. गावदेवीला त्या दिवशी बोकड कापतात, त्यामुळे पंचक्रोशीतली कुत्री आधीच देवळाशी गोळा झालेली. अंडी आणि बोकडाची चरबी असं चालतंबोलतं जेवण त्यांच्या समोरून लंगडत गेल्यावर त्यांचा तरी काय दोष? आधी एक पाठी लागलं. मी त्याला प्रेमाने हाड म्हटलं. ते जाऊन बाकीची घेऊन आलं.

त्यानंतर मी जो पळालो तो पळालो! गुडघा दुखत होता का, कोणास ठाऊक. त्या गृहस्थाचं म्हणणं खरं असावं, फक्त पाठीमागे कुत्री हवीत हे त्याने सांगितलं नव्हतं. हौशी गटातले दोघे मी मागे टाकले. आणि मोरी दिसली. मोरीपाशी प्राची उभी होती.

बाकीच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. ही एकटी, कठड्याला हात टेकून, पायाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ते भांडी घासतानाचंच शांतपण होतं. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. बाप कामट्या बांधून, कुत्री घेऊन इथवर आला, आणि तरीही पोरगी थांबलीच. मला रडू आलं. खरंच आलं. पण कुत्र्यांना त्याचं काही नव्हतं, म्हणून मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "प्राचे, पळ गो!"

तिने मागे वळून बघितलं. कामट्या सुटलेल्या, सुतळी लोंबतेय, पिवळा रेंदा पायावरून ओघळतोय, असा बाप तोंड वासून तिच्याच दिशेने येतोय आणि त्याच्यामागे गावची सगळी कुत्री. मी आजवर समजत होतो, की अशा प्रसंगी मुलगी बापाला वाचवायला धावते. प्राची उलट्या दिशेने धावली. मोरी कधी ओलांडली हे तिलाही कळलं नाही. पुढे गेलेल्या मुलींना एकेक करत गाठून ती शाळेच्या फाटकातून आत शिरली, आणि शिरल्यावर तिने फाटक लावून घेतलं. मुलींत पहिली आली.

मला फाटक बंद मिळालं. म्हणून मी शेजारच्या, म्हशी बसतात त्या डबक्यात उडी घेतली. म्हशींनी जागा दिली, कुत्री काठावर थांबली. थोड्या वेळाने सुनंदा धापा टाकत आली. मी चिखलातून हात वर केला. ती कळवळून म्हणाली, "अवो, मामाचा लेप भिजवलात!"

मामा आले तेव्हा त्यांनी हात लावायला साफ नकार दिला. दुखणं उलटलं म्हणाले. शहापूरच्या डॉक्टरांनी फोटो बघून तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं, आणि गुडघ्याला पट्टा दिला.

प्राची ठाण्याला जाऊन ग्राउंड देऊन आली. आठशे मीटर चांगलं निघालं. आता लेखी परीक्षा बाकी आहे. घरी आल्यावर ती माझ्या खाटेशी बसली आणि कितीतरी वेळ माझ्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "शेवटच्या वळणाला पाय थांबत व्हते, पप्पा. मग मनात आणलं का पाठी तुमी येताय."

मुलीच्या आयुष्यात आपण तिचा आधार व्हावं, असं प्रत्येक बापाला वाटतं. मी तिची भीती झालो. ती भीती मात्र, त्या गृहस्थाने सांगितलं तशी, आता बरोबर डोक्यात आहे.