तेलाची भिंत

पाणीवाले अण्णा आधी भिंतीला हात लावत, मग घरातल्या माणसाला नमस्कार करत. तळवा टेकवायचा, दोन बोटांनी टकटक करायची, कान लावायचा. भिंगारच्या बाजारात त्यांना हसणारे होते. पण घर बाहेरून धुवायचे झाले की बोलावणे त्यांनाच जाई.

लष्कराच्या गाड्या धुण्याच्या कामावरून ते निवृत्त झाले होते. लिलावात निघालेला पाण्याचा पंप आणि पाणी तापवायचा त्याचा बंब घेऊन त्यांनी हातगाडीवर बसवला होता. नळीतून पाणी इतक्या जोराने सुटे की दगडावरचे शेवाळ सोलल्यासारखे निघे. बंब मात्र ते क्वचित पेटवत. "गार पाणी वरचं वर जातं," ते सांगत. "ऊन पाणी आत शिरतं. आत काय हाय ते आपल्याला दिसत न्हाई."

आमच्या समोर तेलघाण्याचे मालक राहत. त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांच्या घराची गल्लीकडची भिंत वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि काजळीने काळी पडली होती. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी शेठच्या मुलाचे लग्न ठरले आणि अण्णांना बोलावणे आले. त्यांनी भिंत वाजवून पाहिली, गार पाणी मारले. डाग हलला नाही.

"बंब पेटवा," शेठ म्हणाले.

"विटा पक्क्या हायत, पन सांधे मातीचे. ह्या तेलानंच आजवर पाणी बाहेर ठेवलंय. राहू द्या काळी."

"गार पाण्यानं आमची मोलकरीणही धुते, अण्णा. बंब काय मिरवायला आणलाय?"

गल्लीतली माणसे हसली. मीही हसलो. अण्णांनी बंब पेटवला.

संध्याकाळपर्यंत गटार काळे वाहत होते आणि भिंत लालभडक दिसत होती. शेठनी सगळ्यांना चहा दिला. अण्णांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता आले. तळवा भिंतीवर बराच वेळ ठेवून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शेठ, भिंतीला पोट आलंय. टेकू लावा. ह्या अंगाला कुनी झोपू नका."

"लग्नघर आहे. अभद्र बोलू नका."

अण्णांनी हातगाडी भिंतीलगत आडवी लावली, म्हणजे तिथून कोणी जाणार नाही. मांडवाचे सामान यायचे होते. शेठच्या गड्यांनी गाडी चौकात नेऊन ठेवली. मग अण्णा स्वतःच तिथे उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पलीकडच्या बाजूने पाठवू लागले.

"अण्णा, तुम्ही तरी सरका," मी म्हणालो.

"मी सरकलो की लोक हितनंच जात्यात. धुतली मी हाय ना?"

टेकू आणायला शेठनी अखेर चौथ्या दिवशी दुपारी माणूस पाठवला. तो परत येण्याआधी भिंत बाहेरच्या अंगाला पडली. हंडे घेतलेल्या दोन बायका नुकत्याच पलीकडे वळल्या होत्या. खाली अण्णा एकटेच होते.

विटा उचलणाऱ्यांत मीही होतो. आतल्या बाजूला ओली माती चिकटली होती. बाहेरची बाजू स्वच्छ होती. तेलाचा एकही डाग नव्हता.