पुतळ्यासाठी कळशीभर पाणी
टायर जळाल्याचा वास आला की सायवनचं ते माळरान आठवतं. सिनेमावाल्यांनी तिथे प्लायवुडचं जुनं लढाऊ विमान नाक जमिनीत खुपसून उभं केलं होतं, आत वैमानिकाच्या कपड्यांतला पुतळा बसवला होता आणि धुरासाठी टायर पेटवायचं काम मला दिलं होतं. कॅमेरा चालू झाला आणि बघ्यांतून माझी आई कळशी घेऊन थेट आगीकडे धावली. “पोराला पाणी द्या रे, नुसते बघताय काय!” “कट!” म्हणून ओरडा झाला. मी तिला ओढून बाजूला आणलं आणि खेकसलो, “आई, पुतळा आहे तो!” आदल्याच वर्षी तलासरीजवळ हायवेवर माझा भाऊ अपघात होऊन तासभर पडून होता आणि लोक बघत उभे होते. आई हळूच म्हणाली, “त्यांनाही तो पुतळाच वाटला असेल का रे?”